मिठाची पुडी

सून अंगणात मिरच्या वाळत घालत होती. त्यांच्या तिखट खाटानं ठसका लागला आणि मला रनाळ्याचं आमचं घर आठवलं. मी खलाशी म्हणून पहिल्यांदाच गलबतावर निघालो होतो, भरूचहून थेट झांजीबारला. समुद्र कधी न पाहिलेली माय माझं गाठोडं भरत होती. मिरच्या तिनं दाबून भरल्या, मिठाची पुडी मात्र बाहेर काढली.

“समुद्र आख्खा खारा शे ना? मंग मीठ कसाले लई जास?”

मी पोट धरून हसलो. तीही हसली, पण गाठोड्याची गाठ काही तिच्या हातून बसेना.

पुढे भर समुद्रात गलबतावरचं मीठ संपलं. मी मुकाट्यानं बादली खाली सोडली आणि तिच्यातलं ओंजळभर पाणी वरणात ओतलं.

वरण अगदी मायच्या हातचं झालं.