एका फटक्यात जाणारं भूत

बायकोला हे माहीत नाही. कारखान्यात कुणाला माहीत नाही. ज्या भाच्यासाठी मी ते केलं, त्यालाही नाही. तुम्हाला सांगतोय — तुम्हालाच का, ते मला विचारू नका. पन्नाशी उलटली, हात अजून स्थिर आहे. पण गणपतीचे डोळे काढायला बसलो की ती बाई मध्ये येऊन उभी राहते.

कुठली बाई? मोबाईलच्या गेममधली. हसलात ना? हसा. मीसुद्धा हसलो होतो — तेही पुढे येईलच.

मी पेणचा, मूर्तिकामातला. आखणी करतो, म्हणजे मूर्तीचे डोळे काढतो. अंगाचा रंग पोरं मारतात, डोळे तेवढे माझ्याकडे येतात. माझा भाचा प्रसाद पुण्यात गेम बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. झपाटलेल्या बंगल्याचा गेम करत होते. "मामा, मोठी भुतं झालीत आमची. तू एक किरकोळ दे, स्वयंपाकघरातलं. एका फटक्यात जाणारं." मी मातीत तोंड घडवून, रंगवून द्यायचं, ते चारी बाजूंनी फोटो काढून कंप्युटरात घालणार. एवढंच काम.

ते भूत तुम्ही कदाचित मारलंही असेल. चुलीमागून निघतं. मान कललेली, तोंड डावीकडे ओढलेलं, एक पापणी मिटत नाही. हाताने भिंत घासत घासत येतं. ओरडत नाही, धावत नाही. झाडूचा एक फटका — संपलं. जाताना कंदिलापुरतं रॉकेल सोडून जातं, आणि त्या रॉकेलसाठी सगळे त्याला मारतात. पण नाही मारलं तर? मी नाही मारलं, बघितलं. ते फक्त जवळ येऊन उभं राहतं, आणि तुमच्या कंदिलाची वात जराशी बारीक होते. त्याचा गुन्हा एवढाच.

ते तोंड शालनचं आहे.

शालन आमच्याकडे मूर्ती घासायला होती. कच्च्या मूर्तीवर पॉलिशपेपर फिरवून अंग गुळगुळीत करायचं — दिवसभर तेच. खारेपाटातली बाई, नवरा गेल्यावर मिठागरातलं काम सोडून पेणला आलेली. तिच्या तोंडावरून वारं गेलं होतं. रस्त्याने पदर दातात धरून चालायची. एसटीत तसंच, देवळातही तसंच. फक्त माझ्या पाटासमोर कामाला बसली की पदर खाली सोडायची. एकदा आपणहूनच म्हणाली, "दादा, तुमी रोज देवाचं तोंड बघता. माझं बघून तुमाला काय व्हायचंय?"

काय व्हायचं होतं मला? तेच तर सांगतोय.

जन्मभर मी एकच तोंड काढत आलो — प्रसन्न. कुणी पहिल्यांदाच म्हणालं, वाकडं काढ. मग हात आपोआप समोरच्या तोंडाकडे गेला... असं मी इतके दिवस स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. हात आपोआप जात नाही. शालन समोरच्या कोपऱ्यात बसायची, तिथे अंधारात तिची ती पापणी नीट दिसत नव्हती. म्हणून मी म्हणालो, "शालन, जरा उजेडात बस गो. डोळे खराब होतील अशाने." ती पाट उचलून खिडकीशी आली. रोज येऊ लागली. आणि मी मान वर करून बघत राहिलो, माती दाबत राहिलो. दुसऱ्या बायकांना ती सांगायची — दादा माझ्या डोळ्यांची काळजी करतात. मी ऐकायचो.

भिंत घासायचा हातसुद्धा मीच भाच्याला करून दाखवला — शालन मूर्तीवर फिरवायची तसाच. "भारी! कुठून सुचलं, मामा?" मी म्हणालो, सुचलं. आणि खरं सांगू? खूश होतो मी. इतकं जिवंत काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं.

गेम आला. रंगातल्या पोरांनी जेवणाच्या सुट्टीत उघडला. त्यांनी आधी तो हात ओळखला, मग तोंड. "आयला, ही तर आपली शालनमावशी!" — आणि एकाने झाडू उचलून हवेत मारला. सगळे हसले. मी हसलो. ती दारात डबा घेऊन उभी होती, हे मला नंतर दिसलं. नंतर दिसलं म्हणून काय झालं? आधी दिसलं असतं तर थांबलो असतो का?

तिने फोन मागून घेतला, बराच वेळ बघितला. मग विचारलं, "दादा, तुमी केलंय?"

"नाय गो," मी म्हणालो. "मशीन करतंय आपोआप."

तिने मान हलवली आणि पोरांकडे वळून म्हणाली, "ऐकलंत ना मुडद्यांनो? मशीन करतंय. दादांना नाय बोलायचं." त्या दिवशी ती पदर न सोडता कामाला बसली. त्या वर्षीचे गणपती गेले आणि ती रोह्याला बहिणीकडे निघून गेली.

मागे रोह्याला एका साखरपुड्याला गेलो होतो. परत निघालो, तर स्टँडवर पदर दातात धरलेली शालन. तिनेच हाक मारली. कुठल्याशा कंपनीच्या कँटीनमध्ये भाजी चिरते म्हणाली. तब्येत विचारली, बायकोचे गुडघे विचारले. आणि मग, समोर उभ्या दुसऱ्या गाडीच्या पाटीकडे बघत, अगदी सहज म्हणाली, "दादा, त्या भुताचे डोळे तुमच्या हातचे व्हते. इतकी वर्षं तुमच्या मूर्ती घासल्या, मला नाय कळणार? तवाच कळलं व्हतं."

मी काय बोललो असेन? म्हणालो, "हल्ली मशीनपण तसंच काढतं."

ती हसली — पदराआड, पण हसली. "बरं, मशीन तर मशीन. सोडा ते. तुमी मला उजेडात बसवायचात, ते मातर आठवतं हां. कँटीनमध्ये कोण सांगतंय, उजेडात बस म्हणून?"

पेणची गाडी लागली. मी चढलो. खिडकीतून हात केला.

सांगितलं तर तिच्याकडचं तेवढंही हिरावलं जाईल, असं मी गाडीत बसल्या बसल्या ठरवून टाकलं. तीसुद्धा पळवाटच.

ते तोंड मी केलं, आणि खिडकीतला तो उजेड तिच्यासाठी नव्हता — ही दोन वाक्यं मी शालनला, तिच्यासमोर उभं राहून, सांगायची आहेत. अजून सांगितलेली नाहीत.