मागच्या अंगणातली ओली हद्द

नागपुरात मनीषनगरच्या पुढे दादाचा लांबोळका प्लॉट आहे. रस्त्याच्या बाजूला त्याचं घर, आणि मागे भिंतीपर्यंत मोकळी जागा. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले, त्या वर्षी त्यानं ठरवलं की मागे माझ्यासाठी दोन खोल्यांचं घर बांधायचं. मी लग्न केलेलं नाही. अमरावतीची भाड्याची जागा सोडून नागपूरला यायचं, एवढं नक्की होतं. दादा मला विचारत नव्हता, सांगत होता. आणि मी नाही म्हटलं नव्हतं.

अडचण अशी की दिवाळी उलटली तरी मागची जागा वाळत नसे. दादाला आधी वाटलं, नळाची पाइपलाइन फुटली. प्लंबरनं दोन ठिकाणी खोदून पाहिलं. पाइप शाबूत होता. शेजाऱ्यांनी त्यांच्या बाजूला मुरूम टाकून विषय संपवला होता. दादाही मुरूम मागवायला निघाला, तेव्हा मी म्हटलं, "ओल कुठपर्यंत आहे ते तरी आधी पाहू दे."

"पाहायचं काय त्यात? चिखल दिसून राहिला ना!"

"आज दिसते तेवढीच ओल नसते. उन्हाळ्यात वरून भेगा पडल्या तरी पाणथळ जागा पाणथळच असते."

त्यानं खांदे उडवले, पण कुदळ आणून दिली.

चार दिवस रोज सकाळी मी तिथं काम केलं. भिंतीजवळ पाणकणसं होती, तिथं शंका नव्हती. घराच्या बाजूला तरोटा आणि गाजरगवत, दोन्ही कोरड्या जागी वाढणारी, तिथंही नव्हती. प्रश्न मधल्या पट्ट्याचा होता. अशा जागी नुसत्या झाडांवर विसंबता येत नाही, माती उकरावी लागते. थोड्या थोड्या अंतरावर मी दीड-दीड फुटाचे खड्डे घेतले. ढेकूळ मोडल्यावर आत राखाडी डाग आणि मुळांच्या कडेनं गंजासारख्या तांबूस रेघा दिसल्या, की तो खड्डा ओल्या बाजूचा. एकसारखी काळी माती निघाली, की कोरड्या बाजूचा. दोन्हींच्या मध्ये बांबूची खुंटी. शेवटच्या दोन खुंट्यांपाशी मी कंटाळले होते. तिथं लव्हाळा दाट होता, म्हणून न खोदताच खुंट्या ठोकल्या.

दोरी बांधल्यावर दिसलं, की माझ्या घरासाठी धरलेली जवळजवळ सगळी जागा ओल्या बाजूला जात होती.

"म्हणजे तुझं घर गेलं," दादा म्हणाला.

"गेलं."

तो हिरमुसला. मला मात्र हलकं वाटलं. ते मी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादाकडे धुणीभांडी करणारी बाई दोरीपाशी थांबली. ती कुहीकडची, तिच्या माहेरी धान पिकतं. तिनं एक ढेकूळ उचलून वास घेतला. "ताई, हे तं धानाच्या बांधीतली माती व्हय. पण त्या कोपऱ्यातल्या लव्हाळ्याचं खरं नोका धरू. थो माह्या बादलीवर वाढला. फरशी पुसली का रोज तिथंच पाणी फेकतो मी."

ती निघून गेली. खुंट्या तशाच ठेवल्या असत्या, तर घराचा विषय संपलेलाच होता. हे फक्त आम्हा दोघींना माहीत होतं, आणि तिला त्याचं काही महत्त्व नव्हतं. मग मी कुदळ घेतली. दीड फुटापर्यंत माती काळी, एकसारखी. रेघ नाही, डाग नाही. मी दोन्ही खुंट्या उपटून मागे सरकवल्या. घराच्या बाजूला एक कोरडा तुकडा सुटला.

दादानं तो लगेच पावलांनी मोजला. त्याचा चेहरा खुलला. "अवं, एक खोली आरामात होते! संडास-बाथरूम धरून. एकटीले किती लागते?"

"दादा, मला इथं राहायचं नाही."

"काहून?"

"मला एकटीनं राहायची सवय आहे. इथं राहिले तर बाहेर पडताना दर वेळी सांगून जावं लागेल. नाही सांगितलं तर तू काळजी करशील, मग चिडशील."

"हे आधी काहून नाही सांगितलं वं? चार दिवस खड्डे खोदून राहिली तू!"

"तू विचारलं नाहीस. मलाही बोलायचा धीर झाला नाही."

तो कुदळ उचलून आत गेला. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. मुरूम मात्र त्यानं मागवला नाही. सुटलेल्या तुकड्यात वहिनीनं मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पेरली.

दादाच्या घरापासून स्कूटरनं वीस मिनिटांवर मी एक फ्लॅट घेतला. सामान लावलं त्या दिवशी दादा न सांगता आला. त्यानं दाराची कडी दोनदा लावून पाहिली, मोरीचा नळ सोडला, गॅसची नळी तपासली. बाल्कनीत उभ्यानंच चहा प्यायला.

"वारा चांगला येते इथं," तो म्हणाला, आणि कप धुऊन ओट्यावर पालथा घालून गेला.