सावकाश उगवणारे

सगळी प्रयोगशाळा तिला 'थांबा बाई' म्हणायची. मातीतले जंतू ताटलीत वाढवायचे, तिसऱ्या दिवशी ठिपके मोजायचे आणि ताटल्या धुवायला टाकायच्या, असा तिथला शिरस्ता. कुणी ताटली उचलली रे उचलली की ही ओरडणार, "थांबा! अजून यायचेत."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. घाईचे जंतू लगेच दिसतात, सावकाश वाढणारे कितीतरी दिवस घेतात. तेवढं थांबायला वेळ कुणाला? म्हणून रोज किती नवे ठिपके येतात ते पाहून, अजून किती यायचे राहिलेत हे सांगणारं गणित तिने बसवलं होतं. त्यावर विश्वास ठेवणारी माणसं दोनच. एक ती स्वतः आणि दुसरे तिचे सासरे, ज्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

सासरे सार्वजनिक बागेतले माळी. त्यांच्या लाडक्या वाफ्याची माती मेली, आता ती उपसून टाकायची, असं वर ठरत आलं होतं. ती माती तपासायला याच प्रयोगशाळेत आली होती आणि तिसऱ्या दिवसाची मोजणीही तेच सांगत होती. थांबा बाईचं गणित मात्र म्हणत होतं, माती जिवंत आहे.

"आठवडाभर थांबू," प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले. "तुमचा आकडा आला तर वाफा राहील."

रोज संध्याकाळी सासरे दारातच विचारत, "सूनबाई, आले का गं आपले?"

"येताहेत, बाबा. जरा आळशी आहेत."

"माझ्यावर गेलेत."

शेवटच्या दिवशी आकडा तंतोतंत जुळला. तिला आभाळ ठेंगणं झालं. कौतुकाने तिने एका ताटलीची पाठ पुसली आणि ठिपकेच बोटाला लागून आले! मोजलेल्या ठिपक्यापाशी काचेवर पेनाने खूण करायची तिची पद्धत. निळं पेन संपलं म्हणून या बयेने पिवळं घेतलं होतं. जंतूही पिवळेच. स्वतःच्याच खुणा तिने हौसेने मोजल्या होत्या.

सगळं पुसून तिने पुन्हा मोजलं. आकडा बराच खाली आला. कुणी तपासणार नव्हतं. सासरे दारात वाट पाहत असतील हे ठाऊक असूनही ती साहेबांच्या खोलीत गेली आणि खरं ते सांगून आली.

घरी ती मान वर न करता म्हणाली, "बाबा, मी चुकले. वाफा जाणार."

ते म्हणाले, "पण थोडे तरी आले ना? खरे?"

"आले. पुरेसे नाहीत."

सकाळी माती उपसणारे यायच्या आत सासरे वाफ्यात बसून घमेल्याने माती पोत्यात भरत होते, घरी न्यायला. ती धावत जाऊन शेजारी उकिडवी बसली.

"पोत्याचं तोंड नीट धर," ते म्हणाले. "एक जरी सांडला तरी तुझा आकडा चुकेल."

तिला हसू आलं, आणि मग डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.