तुझ्यासाठी एवढं पुरे

"मले?" साहेब म्हणाले. "मले म्हणजे काय गं? परत म्हण."

चिखलीतल्या एका हॉटेलचा वरचा हॉल. बियाणं विकणाऱ्या कंपनीची खरिपाआधीची मीटिंग. आम्ही सगळे गावोगाव फिरणारे फील्डवाले. एकाच रंगाच्या टोप्या, एकाच रंगाचे टी-शर्ट. बाई म्हणून मी एकटी. समोर आमचे रिजनल साहेब, पुण्याचे. त्यांनी नुकतंच सांगितलं होतं की आमच्या भागात एरिया मॅनेजरची जागा निघणार, पण त्या जागेला एमबीए लागेल. कुणाला काही विचारायचंय का, म्हणाले. मी उभी राहिले. घाईघाईत तोंडातून घरचंच बोलणं बाहेर पडलं.

"सर, मले एमबीए करायचं आहे. ऑनलाइन. चालन का?"

साहेबांनी मला पुढे बोलावलं. हातात माईक दिला. "आता म्हण. सगळ्यांना ऐकू दे."

मी म्हटलं. माईकवर म्हटलं. सगळा हॉल हसला. मेहकरचे हसले, जानेफळचे हसले. घरी गेल्यावर आईला "मले जेवाले दे" म्हणणारे सगळे हसले. माझ्याच भाषेची पोरं माझ्याच भाषेला हसत होती, साहेबांकडे बघून. मग साहेबांनी शेवटचा टोला मारला.

"ऑनलाइन एमबीए म्हणजे मोबाईलवरची पदवी. रिचार्ज संपला की डिग्री बंद."

टाळ्या. जेवणात गुलाबजाम होते. मी ताट तसंच ठेवून निघाले.

राग तिथं आला नाही. तिथं नुसतं अंग जळत होतं. राग आला अमडापूरच्या एसटीत बसल्यावर, आणि तो अजून उतरलेला नाही. उतरावा असं मला वाटतही नाही.

ही जागा म्हणजे काय, ते सांगते. आमच्या भागातल्या गावांत बियाण्याच्या सभा मी घ्यायची. तक्रार आली की मी जायची. गुलाबी बोंडअळीनं वावरंच्या वावरं खाल्ली त्या साली लोकांनी शिव्या दिल्या त्या मला. वर बसलेल्यांच्या कानापर्यंत एकही शिवी पोचली नाही. मॅनेजरचं काम मीच करत होते, फक्त हुद्दा नव्हता. माझ्या हाताखाली काम शिकून पाच पोरं माझ्या पुढच्या हुद्द्यावर गेली होती. मला ती जागा हवी होती. मागून नको, हक्काची हवी होती. त्यासाठी पदवी लागणार असेल तर पदवी घेणार होते. नोकरी सोडून पुण्याला जाऊन शिकणं मला शक्य नव्हतं. आई माझ्या जिवावर. म्हणून ऑनलाइन. यात हसण्यासारखं काय होतं, ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

आता थोडं मागचं. माझी आई दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायची. बापाची दोन एकर बरड जमीन. कपाशीचं बीटी बियाणं नवं नवं आलं होतं आणि लोक त्या बियाण्यासाठी वेडे झाले होते. एखाद्या वाणाचं नाव झालं की दुकानापुढे रांगा. माणशी दोनच पाकिटं. आणि हव्या त्या पाकिटासोबत न खपणाऱ्या कुठल्या तरी वाणाचं पाकीट घ्यावंच लागायचं. दुकानदार त्याला लिंकिंग म्हणायचे. आम्ही म्हणायचो जोडीचं पाकीट.

मोठे शेतकरी रांगेत उभे राहायचे नाहीत. ते वेचणाऱ्या बायांना उभं करायचे, त्यांच्या पोरींना उभं करायचे. आई ज्यांच्या वावरात जायची त्यांना सगळे दादासाहेब म्हणत. त्यांच्यासाठी मी उभी होते. मृगाआधीचं ऊन. सकाळपासून दुपारपर्यंत. पाण्याला गेले तर जागा जाईल म्हणून पाणी प्यायले नाही. पाकिटं घेऊन आईसोबत त्यांच्या ओसरीवर गेले. दादासाहेबांनी चांगली दोन पाकिटं आत नेली आणि जोडीचं पाकीट आईच्या पदराच्या ओट्यात टाकलं.

"घेऊन जा. तुमच्या वावराला एवढं पुरे."

आईनं त्यांना हात जोडले. मला ते हात अजून दिसतात. ते बियाणं आम्ही लावलं. झाडं कमरेएवढी झाली आणि बोंडं धरलीच नाहीत. आई दादासाहेबांच्या वावरात कापूस वेचत होती आणि आमच्या वावरात आम्ही बकऱ्या सोडल्या. तरी गावात कुणी म्हटलं नाही की दादासाहेबांनी खोटं बियाणं दिलं. सगळे म्हणाले, फुकट तर भेटलं!

मीटिंगनंतर पंधरवड्यानं साहेब डेमो प्लॉटसाठी वावर बघायला आले. गाडी रस्त्यावरच थांबली. काच खाली झाली. ते आत थंड हवेत, मी बाहेर उन्हात. आवाज एकदम मायेचा.

"त्या दिवशी गंमत केली हं, मनावर घेऊ नकोस. माझ्या ओळखीची एक संस्था आहे. ऑनलाइन एमबीए. वर्षभरात होतं. अभ्यासाचं टेन्शन नाही, परीक्षा नावापुरती. तिथं नाव घाल, तुझी शिफारस मी करतो."

मी विचारलं, "सर, त्या डिग्रीले मान्यता आहे ना?"

"तुला काय करायचंय मान्यता घेऊन? आपल्या कंपनीत मी चालवून घेईन. तुझ्यासाठी एवढं पुरे."

काच वर गेली. गाडी गेली. मी त्या धुळीत उभी राहिले आणि मला आईचा ओटा आठवला. तेच शब्द. दादासाहेब आमच्या गावचे, हे पुण्याचे. पण आमच्यापुढे काय टाकायचं ते दोघांनाही न शिकता येत होतं.

तरीसुद्धा मी त्या संस्थेला फोन लावला. जागा पाहिजे होती ना मला. खोटं कशाला बोलू, मन डळमळलं. फोनवरची बाई गोड. मॅडम मॅडम करत राहिली. "आज नाव घातलं तर सवलत, उद्या नाही." वेबसाइटवर कोट घातलेली हसरी पोरं. शिकून गेलेल्या कुणाशी बोलता येईल का म्हटलं, तर दोन नंबर दिले. दोघंही पाठ केल्यासारखं एकच बोलले.

तिथं माझं डोकं ठिकाणावर आलं. कारण हा धंदा मीच करते. आमच्या कंपनीचा डेमो प्लॉट नेहमी रस्त्याच्या कडेला असतो. त्याला पाणी जास्त, खत जास्त, फवारणी आमची. तिथं पाटी लावायची, गाडीत बसवून शेतकरी आणायचे, बोंडं मोजून दाखवायची. नवखे भुलतात. मुरलेला शेतकरी पाटीकडे बघतसुद्धा नाही. म्हणतो, "बाई, सडकेवरचं नको दाखवू. आतल्या बांधावर कोणं लावलं ते सांग." आणि स्वतः चालत जाऊन बघून येतो.

मीही आतल्या बांधावर गेले. बाजारात, दुकानांत, कॉलेजच्या जुन्या मैत्रिणींना विचारत सुटले, ही डिग्री कुणी केली का. देऊळघाटची रुबिना सापडली. बी.ए.ला माझ्या वर्गात होती. तिच्या अब्बांचं कापडाचं दुकान. सर्टिफिकेट दुकानाच्या भिंतीवर, काचेच्या फ्रेममध्ये. मी फ्रेमकडे बघितलं आणि ती म्हणाली, "अब्बासाठी ठेवलं वं. त्याईले अजून सांगतलं नाही."

"काय नाही सांगतलं?"

"बँकेत इंटरव्ह्यूले गेलती मी. तिथल्या साहेबानं कागद पाह्यला, मंग दुसऱ्या साहेबाले दाखवला. मले म्हणे, मॅडम, हे विद्यापीठ कुठं आहे? मी म्हटलं, ऑनलाइन आहे. दोघंही हसले. मले वाटलं, मी काही चुकीचं बोलली. बाहेर आल्यावर समजलं का कागदच खोटा आहे." मग गळ्यात मापाची टेप टाकून गिऱ्हाइकाकडे वळता वळता ती मला म्हणाली, "मी वर्षभर अभ्यास केला, माय. खराखुरा अभ्यास केला. नोट्स काढल्या. त्याईनं परीक्षाच नाही घेतली धड, तर मी काय करू?"

तिचे डोळे कोरडे होते. माझे नव्हते. मी रडत नव्हते, ते संतापानं भरून आले होते. नोट्स काढणाऱ्या पोरीला फसवतात हे लोक. ज्या घरात पहिल्यांदा कुणी एवढं शिकतंय तेच घर हुडकून फसवतात. ज्यांच्या घरी विचारायला माणूस आहे, त्यांच्या दारात ही गोड बाई फोन करत नाही.

मग मी खऱ्या विद्यापीठाचा शोध घेतला. रागानं घेतला, म्हणून नीट घेतला. विद्यापीठ खरंच कुठं उभं आहे का. त्याला ऑनलाइन शिकवायची सरकारी परवानगी आहे का, आणि ती याच अभ्यासक्रमाची आहे का, यंदाची आहे का. शिकवणारी माणसं कोण. परीक्षा कोण घेतं. आणि प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न मी हटकून विचारला, "तुमच्याकडे कोणी नापास होतं का?" बहुतेक ठिकाणी हसून उत्तर आलं, "नाही हो मॅडम, आपण सगळ्यांना पास करतो." फोन ठेवला. एका विद्यापीठातला माणूस मात्र खेकसला. "होतात. पुष्कळ होतात. नोकरी करून झेपणार असेल तर अर्ज करा, नाहीतर उगाच आमचा वेळ घेऊ नका."

मी तिथंच अर्ज केला. फी जास्त होती. कशी भरली ते सांगत नाही. भरली.

पुढची मीटिंग बुलढाण्याला, ऑफिसात. साहेबांनी सगळ्यांसमोर विषय काढला. "काय म्हणतेय आपली मॅनेजरीणबाई? घातलं का नाव तिथं?"

"नाही सर. मले तिथं नाही शिकायचं."

त्यांचा चेहरा बदलला. "का? मी सांगितलेलं पटलं नाही?"

साहेबांचा मुलगा पुण्यात एमबीए करत होता. मोठ्या नावाच्या कॉलेजात. हे आम्हाला त्यांनीच दर मीटिंगला सांगितलेलं. मी विचारलं, "सर, एवढं चांगलं आहे तर तुमच्या मुलाले काऊन नाही टाकलं तिथं?"

या वेळी कुणी हसलं नाही. साहेबांनी खुर्ची मागे सरकवली.

"तू बरोबरी कोणाशी करतेस, कळतंय का तुला?"

"हाव सर. तुमच्या मुलासंगच करून राह्यली."

  मी मुद्दाम "राह्यली" म्हटलं. मला पुस्तकी बोलता येतं, चांगलं येतं. त्या दिवशी ते वापरायचं नव्हतं.

जागा मला मिळाली नाही. एक बाहेरचा पोरगा आणला. त्याची एमबीए कुठली, तर त्याच संस्थेची. रुबिनाच्या भिंतीवर लटकलेला कागद याच्या बाबतीत चालला. म्हणजे कागद खोटा असला तरी चालतो, माणूस त्यांचा पाहिजे. आमचा खरा असला तरी चार वेळा उजेडात धरून बघतील. हे मला तेव्हा कळलं आणि कायमचं कळलं. रुजू झाल्यावर तो पोरगा म्हणाला, "ताई, तुमची गावं जरा समजावून सांगा ना." मी त्याला गावांची नावं सांगितली. माणसं सांगितली नाहीत. ती मी कमावलेली आहेत.

साहेबांनी माझी गावं काढून घेतली. दूरची दिली. परत यायला दिवेलागण होते. मग जेवण, मग मोबाईलवर लेक्चर. गावात रेंज जाते, तेव्हा देवळाच्या कट्ट्यावर जाऊन बसते. जाणारे-येणारे विचारतात, "काय पाहून राह्यली वं?" मी म्हणते, शाळा.

पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला. अकाउंट्समध्ये मी नापास झाले.

कुणीतरी ते साहेबांपर्यंत पोचवलं. त्यांनी फोनवर त्या नव्या पोराला म्हटलं, "बघ, म्हटलं होतं ना मी." पोरानं मला येऊन सांगितलं. त्याला वाटलं मी खचेन.

आईला मीच सांगितलं. तिनं चुलीत काटक्या सारल्या. मग म्हणाली, "त्या साहेबाचं ऐकलं असतं तं पास झाली असतीस का?"

"हाव. न शिकता पास झाली असती."

"मंग नापासच बरी हायेस," आई म्हणाली, आणि विस्तव फुंकायला लागली.

मी नापास आहे. कुणाला हसायचं असेल त्यानं हसावं. मला कुणी दया दाखवून पास केलेलं नाही. मी परीक्षा दिली, माझा पेपर कुणीतरी खरोखर तपासला आणि मला सांगितलं, तुला हे येत नाही. अकाउंट्सचं पुस्तक उघडलं आहे. परत बसणार. त्याही वेळी गेला, तर त्याच्या पुढच्या वेळी बसणार. साहेब, तुमच्या शिफारशीची वाट मी बघत नाही. मी तुमच्या जागेचा अभ्यास करते आहे.