बड्या दिवसाची ड्युटी

बड्या दिवसाच्या, म्हणजे नाताळच्या, आदल्या दुपारी चौकीवर सुभेदार साहेबांनी दुसऱ्या दिवसाच्या ड्युट्या सांगितल्या. चौकी काश्मीरमध्ये, वरच्या अंगाला होती. रोज सकाळी चार जणांची पार्टी निघायची, अर्ध्या वाटेपर्यंत जायची. पलीकडच्या चौकीची पार्टी तिथं भेटायची. टपाल, औषध द्यायचं-घ्यायचं आणि परत. याला लिंक पेट्रोल म्हणतात. उद्याच्या पेट्रोलवर नाव निघालं लान्स नायक पतरस टोप्पोचं.

टोप्पो झारखंडचा. मी डोणगावचा, शिपाई साळवे, सातवीपर्यंत शिकलेला. चौकीवर ख्रिस्ती आम्ही दोघंच.

दर रविवारी मंदिर परेड व्हायची. मंदिर म्हणजे पत्र्याची एक फळी, तिच्यावर देवांचे फोटो. तेवढा वेळ पहाऱ्यावर आम्ही दोघं उभे राहायचो, म्हणजे बाकीच्यांना हात जोडायला मोकळीक. बदल्यात बड्या दिवशी आमची ड्युटी ते करायचे. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण मोडत कोणी नव्हतं.

हवालदार ओमबीर उभा राहिला. "टोप्पो की जगह मैं जाऊंगा. कल यह केक खाएगा."

"केक कहां से लाऊं, उस्ताद?"

"पावडर का दूध घोल के पी ले. उसी पे तो ईसाई बना है तेरा खानदान."

सारे हसले. टोप्पोही हसला. "दूध दादा पी गए, उस्ताद. मेरे हिस्से में तो डब्बा आया."

ओमबीर हरियाणाचा. तोंडाचा फाटका माणूस. दुधाच्या पावडरीचे ख्रिस्ती, म्हणजे मिशनच्या फुकट दुधासाठी धर्म बदललेले, हे मी आमच्या गावातही लहानपणापासून ऐकलं होतं. मला राग यायचा. राग यायचा म्हणजे मी फार धार्मिक होतो असं नाही. आजानं बाप्तिस्मा घेतला, म्हणून बाप ख्रिस्ती, म्हणून मी ख्रिस्ती. फौजेच्या कागदावर धर्म ख्रिश्चन लिहिला होता. तो तिथंच होता, दुसरीकडे कुठं नव्हता.

टोप्पोचं तसं नव्हतं. तो उपदेश करत नसे. चिडत नसे. त्या थंडीत ओमबीरच्या पायाची बोटं सुजून काळी-निळी झाली, बुटात पाय जाईना. ती बरी होईपर्यंत टोप्पो रोज संध्याकाळी स्टोव्हवर पाणी कोमट करायचा, मीठ टाकायचा आणि त्याचे पाय त्यात धरून बसायचा. ओमबीर वरून शिव्या द्यायचा, हा खाली पाय चोळायचा. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, ती गोष्ट मी संडे स्कूलमध्ये ऐकली होती. ती करायची पण असते, हे मला माहीत नव्हतं.

बड्या दिवशी सकाळी ऊन पडलं. आधी दोन दिवस बर्फ पडला होता. वरच्या कड्यावर त्याचा थर लटकून राहिला होता. पार्टी निघाली. जाताना ओमबीर म्हणाला, "मेरे लिए भी कुछ मांग लेना."

"क्या मांगूं, उस्ताद?"

"छुट्टी."

आम्ही दोघं बंकरमध्ये बसलो. टोप्पोनं एक अध्याय वाचला. माझं ध्यान लंगरमधल्या, म्हणजे चौकीच्या स्वयंपाकघरातल्या, शिऱ्याच्या वासाकडं होतं. प्रार्थना अर्धी झाली आणि ट्रक उलटावा तसा आवाज आला. मग काहीच नाही.

रेडिओवर सुभेदार साहेब स्वतः बसले. रेडिओवर आमच्या चौकीचं नाव चार्ली.

"चार्ली फॉर पेट्रोल, चार्ली फॉर पेट्रोल. ओवर."

खरखर. पुन्हा बोलावलं. मग उत्तर आलं.

"पेट्रोल फॉर चार्ली. बर्फ गिरा है. तीन आदमी ठीक. हवालदार नीचे नाले में. ओवर."

कंपनीकडून मेजर साहेबांचा आवाज आला. "कोई नीचे नहीं उतरेगा. रेस्क्यू टीम निकल रही है. ओवर."

ऑर्डर बरोबर होती. कड्यावर अजून बर्फ होता, तो कधीही सुटणार होता. पण रेस्क्यू टीमला यायला दुपार होणार. बर्फाखाली माणूस दुपारपर्यंत राहत नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

टोप्पो बूट बांधून उभा होता. "साब, मुझे जाने दीजिए."

"ऑर्डर सुना नहीं?"

"सुना, साब. ड्यूटी मेरी थी."

सुभेदार साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं. हँडसेट उचलला. जे त्यानं सांगितलं तेच मेजर साहेबांना सांगितलं, एक शब्द इकडं-तिकडं नाही. पलीकडून उत्तर आलं. "एक आदमी उतरेगा. रस्सी के साथ. आउट."

टोप्पो आणि मी दोर घेऊन गेलो. पेट्रोलवाले तिघं कडेला गारठून उभे होते. त्यांच्यातला एक जण आणि मी, आम्ही दोघांनी दोर खडकाला वेढा देऊन धरला. टोप्पो उतरला. बर्फात चालताना प्रत्येकाच्या कमरेला लाल दोरी बांधतात, लांब सोडलेली. माणूस गाडला गेला तरी दोरीचं टोक वर राहतं. टोप्पोला ते टोक दिसलं. तो फावड्यानं आणि मग हातानं उकरत गेला.

ओमबीर जिवंत निघाला. पाय मोडला होता. दोर एकच होता. टोप्पोनं आपल्या कमरेचा सोडला आणि ओमबीरला बांधला. हात वर केला. आम्ही ओढायला लागलो.

खालून तो ओरडला, "साळवे, धीरे. टांग टूटी है इसकी."

एवढंच बोलला. ओमबीर आमच्या हाताला लागला आणि कड्यावरचा बर्फ सुटला. नाला भरून गेला. रेस्क्यू टीमनं दुपारी टोप्पोला काढलं. त्याच्या कमरेलाही लाल दोरी होती. वर कुठं दिसली नाही.

लोकांना वाटतं, असं पाहिल्यावर माणूस त्या दिवशी बदलतो. मी नाही बदललो. मी शिरा खाल्ला. भूक लागली होती.

पुढच्या दिवाळीला सुट्टीवर आलो तेव्हा बायकोला सांगितलं. तिचं नाव मार्था. तिला वाचता येत नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गावात आपण कोनाची ड्युटी करतो वो?"

मी म्हटलं, "गावात काय ड्युटी?"

त्या साली आमच्या शिवारात सोयाबीनच्या दोन सुड्या जळाल्या होत्या. सुडी म्हणजे कापून रचलेला माल, मळणी व्हायची असते. कोणी पेटवली, कळलं नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी शेजारचा आत्माराम सुडी सोडून घरी जाईना. मार्था मला घेऊन त्याच्या वावरात गेली.

"आत्मारामभाऊ, तुमी पूजेले जा. सुडी आमी राखतो."

आत्मारामनं डोळे बारीक केले. "काऊन वो वहिनी? मंग मले चर्चात नेता काय?"

"चर्चात आमालेच जागा पुरत नाही. जा आता, लेकरं वाट पाहून राह्यले."

तो गेला. पुढं दरवर्षी जायला लागला. वानखडे आमच्या गल्लीतलं बौद्ध कुटुंब. त्यांची म्हातारी अंथरुणाला खिळली होती. जयंतीच्या मिरवणुकीला सुनेला जाता यावं म्हणून मार्था दिवसभर म्हातारीजवळ बसायची, तिचं हगणं-मुतणं काढायची. कधी रविवारीही कोणाकडं अडकायची, मग तिचं चर्च बुडायचं. पेन्शनीवर आल्यावर मी कुरकुर केली. म्हटलं, "पाळकसाहेब विचारतेत."

"त्याइले सांगा, मंदिर परेड चालू हाय."

आमच्या बड्या दिवशी आत्माराम सकाळीच येऊन आमच्या म्हशीचं शेण काढायचा. दूध काढायचा. म्हणायचा, "जा बे साळव्या, तुया देव वाट पाह्यते."

ओमबीर काठी घेऊन चालतो. दर बड्या दिवशी त्याचा फोन येतो. त्याच्याकडच्या शहरात एक चर्च आहे. प्रार्थना चालते तोवर तो बाहेर खुर्ची टाकून लोकांच्या गाड्या राखतो. आत जात नाही. मी एकदा विचारलं, "उस्ताद, अंदर क्यों नहीं बैठते?"

"अंदर टोप्पो बैठा है. मैं बाहर हूं."

मार्था यंदा पोळ्याच्या आधी गेली. ताप आला, तीन दिवसांत संपली. दफनाच्या वेळी पाळक म्हणाले, बहीण मार्था श्रद्धावान होती. म्हातारीची सून, वानखड्याची, मागं उभी राहून तोंडात पदर धरून रडत होती. तिला जे ठाऊक होतं ते पाळकांना नव्हतं. नवीन आहेत, त्यांचा दोष नाही. त्यांनीच मला म्हटलं, काका, चर्चच्या मंडळीच्या अंकासाठी फौजेतल्या शौर्याचं काही लिहा. म्हणून हे लिहिलं. शौर्य मला एवढंच माहीत आहे.

या दिवाळीला मी एकटाच आत्मारामच्या वावरात गेलो. तो सुडीजवळ बसला होता. मला पाहून उठला.

"भाऊ, यंदा राहू द्या. वहिनी गेल्या. तुमच्या घरी सालभर सुतक हाय."

"आमच्यात सुतक नसते बे."

"तरी. मी बसतो. पूजा पोरगा करन."

"पूजेले जा, आत्माराम. ड्युटी माही हाय."

त्यानं पायातली वहाण झटकली आणि तो गेला. मी सुडीला पाठ लावून, गावाकडं तोंड करून बसलो. गावात दिवे लागायला लागले होते. मार्था बसायची ती जागा डाव्या हाताला, मी मोकळी ठेवली.

मनात दोन नावं घेतली. लान्स नायक पतरस टोप्पो. मार्था साळवे.

आत्माराम परत आला तेव्हा सुडी जशीच्या तशी होती. त्याला तसा रिपोर्ट दिला आणि घरी आलो.