कुरवांची खबर

विरारला माझं इंटरनेटचं छोटं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर सुलभाताई दर शनिवारी यायच्या, संगणकाच्या पडद्याकडे बघत हळहळायच्या. "अरेरे, चीनकडच्या तळ्यावर हंस गेले हो!" जणू नात्यातलंच कुणी गेलं. देशोदेशीचे पशुवैद्य जंगली पक्ष्यांच्या रोगांची खबर एकमेकांना देतात, ती त्या वाचत. मी हसलो की म्हणत, "हसा. पाखरांना कुठे पासपोर्ट लागतो?"

बर्ड फ्लूची धास्ती होती, त्या हिवाळ्यात जवळच्या भुईगावच्या किनाऱ्यावर कुरव, म्हणजे समुद्रावरचे पांढरे पक्षी, मरून पडले. सुलभाताई हातमोजे घालून तिथे पोचल्या, तर गावातल्या मंजुळाताई आडव्या आल्या. नवरा गेल्यावर त्यांनी कोंबड्यांवरच घर चालवलं होतं.

"बाय, पाया पडते, कोनाला सांगू नका. वाळूत पुरून टाकू. माज्या कोंबड्या मारतील हो सरकारवाले!"

"मंजुळाताई, चीनकडच्यांनी हंस असेच पुरले असते, तर आपल्याला सावध कुणी केलं असतं?"

नमुने तपासणीला गेले. अहवाल येईपर्यंत गावातली कोंबडी कुणी विकत घेईना. सुलभाताई शनिवारी आल्या, पण यंत्रासमोर नुसत्याच बसून राहिल्या. "त्या बाईचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही," एवढंच म्हणाल्या.

पुढे कळलं, फ्लू नव्हता. पक्ष्यांनी काहीतरी विषारी खाल्लं होतं. ते सांगायला त्या स्वतः भुईगावला गेल्या. मीच स्कूटरवरून नेलं. मंजुळाताईंनी पाणीसुद्धा विचारलं नाही. सुलभाताई ओट्याच्या कडेला टेकल्या. "तुमचं नुकसान झालं, ते माझ्यामुळे. पण पुन्हा पक्षी मेले तर मी पुन्हा कळवणार. खोटं कशाला बोलू?" मंजुळाताई आत निघून गेल्या.

वर्षभरात सुलभाताईंची विदर्भात बदली झाली.

नंतरच्या हिवाळ्यात एका सकाळी मंजुळाताई धापा टाकत दुकानात आल्या. "त्या बायला फोन लावून दे."

मी लावून दिला. त्या रिसीव्हरमध्ये ओरडूनच बोलल्या, "बाय, मी मंजुळा, भुईगावची. दर्यावर परत पक्षी मेलेत. हात नाय लावला, पोरांनाबी लावू दिला नाय. आता कोनाला कळवू, सांगा."

पलीकडून सुलभाताईंचा आवाज मलाही ऐकू आला.

"सांगते. आधी तुमच्या कोंबड्या कशा आहेत, ते सांगा."