पळीवर हात ठेवून दिलेली साक्ष

टॅमसिननं एकवीस वर्षं राजवाड्यात कपडे धुतले. राजेसाहेबांच्या मेजावर तिनं धुतलेल्याच चादरी लागायच्या, कारण लाल दारूचा डाग काढावा तर तिनंच. तोंडानं फटकळ. लग्न केलं नाही, कुणी विचारलं तर म्हणायची, "एवढ्यांचे कपडे धुते, त्यात आणखी एकाचे कशाला?" मी सिसली, तेरा वर्षं तिच्या शेजारच्या पिंपावर होते. तिच्याबद्दल बोलायचा मला हक्क नाही. पण दुसरं कुणी बोलणार नाही, म्हणून मी बोलते.

नाताळाचे बारा दिवस आमच्याकडे खोटा राजा नेमतात. कोठ्यांच्या किल्ल्यासुद्धा त्याच्याच कमरेला. तो थट्टा करील त्यात आपण मागं राहायचं नाही, ही रीत. त्या वर्षी तो मान एका बड्या सरदाराच्या पुतण्याला, पियर्सला मिळाला. सहाव्या दिवशी सकाळीच तो कागदी मुकुट घालून नोकरांच्या दालनात आला, न्यायनिवाडा मांडला आणि टॅमसिनला पुढं ओढलं.

"म्हातारे, राजाची सोन्याची मीठदाणी तूच चोरलीस ना?"

"चोरली की, महाराज. इतकी वर्षं राजाचं मीठ खाल्लं, म्हटलं आता दाणीच खावी."

दोनशे माणसं हसली. मग साक्षीदार म्हणून मला उभं केलं. स्वयंपाकघरातल्या पळीवर हात ठेवून मी शपथ घेतली आणि म्हणाले, "हिनं ती परकरात लपवली, या डोळ्यांनी पाहिलं मी." चेहरा इतका गंभीर ठेवला की लोकांनी बाकं बडवली. मला फार भारी वाटलं.

दुपारी मेज मांडायला कोठी उघडली, तर मीठदाणी खरोखरच नव्हती.

दिवस मावळायच्या आत टॅमसिनला नदीकाठच्या तळघरात कोंडलं. राजाच्या भांड्याची चोरी म्हणजे फाशी. मी धावत जबाब लिहून घेणाऱ्या कारकुनाकडे गेले.

"साहेब, ती थट्टा होती हो."

"तिनं सगळ्यांसमोर कबूल केलं, तू शपथ घेतलीस. मग तेव्हा खोटं बोललीस, की आत्ता बोलतेस?"

ती थट्टाच होती हे सांगायला बरोबर चला, म्हणून मी सोबतिणींच्या विनवण्या केल्या. भटारखान्यातली मार्जरी म्हणाली, "पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार, बाई? जीभ तुझी वळवळली, तूच निस्तर."

तीन दिवस मी कपडे बडवत रडत होते. चौथ्या दिवशी चादर पिळताना हात थांबले. कोठी उघडली दुपारी. मीठदाणी गेल्याचं त्याआधी कुणालाच ठाऊक नव्हतं. मग पियर्सनं सकाळीच, हजार वस्तू सोडून, नेमकं मीठदाणीचंच नाव कसं घेतलं? आणि किल्ल्या होत्या कुणाकडे?

मोठ्या कारभाऱ्यांचे पाय धरून मी हे सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"आणखी कुणाला बोललीस?"

"नाही, साहेब."

"बोलूही नकोस."

बाराव्या दिवशी मीठदाणी 'सापडली' असं जाहीर झालं. कुठं, ते कुणी विचारलं नाही. पियर्स त्याच संध्याकाळी राजेसाहेबांपुढं नाचला. चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची ती टळली, एवढंच.

पण ओल्या गार दगडावर सहा दिवस काढल्यानं टॅमसिनच्या उजव्या हाताची चार बोटं गारठून काळी पडली होती. ती कापावी लागली. धुणं संपलं, तशी तिला राजवाड्यातून काढून टाकलं. मी तिला माझ्या खोलीवर आणलं. दोन वर्षं तिला भरवलं, तिची वेणी घातली. एवढी फटकळ बाई, पण मला एका शब्दानं बोलली नाही. ते मला सोसवेना.

तिच्या शेवटच्या हिवाळ्यात पेज भरवताना मी म्हटलं, "टॅमसिन, निदान शिव्या तरी दे गं मला."

"शिव्या कशाला?" ती म्हणाली. "सिसले, तू शपथेवर बोलत होतीस ना, तेव्हा क्षणभर मलाही वाटलं, चोरली असेल मी."